ओढ्याच्या अलीकडे

ज्या वर्षी गोल्फमध्ये माझी गणना कंपनीतल्या बऱ्या खेळाडूंत होऊ लागली, त्याच वर्षी माझ्या पत्नीने खेळणे सोडले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असे मी बराच काळ धरून चाललो होतो. आता तसे म्हणवत नाही.

मुलुंडच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी, आमच्या कारखान्याच्या मागे कंपनीचे एक मैदान होते. परदेशी साहेबांच्या काळात त्यांतल्या कुणाला तरी घरची आठवण अनावर झाली असावी. त्याने तिथे नऊ होलचे गोल्फचे मैदान आखून घेतले. होल म्हणजे नुसते भोक नव्हे; पहिला फटका मारायच्या जागेपासून भोकापर्यंतचा सगळा पट्टा. साहेब गेले, मैदान राहिले. हिरवळ राखण्याइतके पाणी तिथे कधीच नव्हते. त्यामुळे प्रत्येक होलच्या शेवटी, जिथे चेंडू हलकेच ढकलून भोकात घालायचा, तिथे गवताऐवजी जळके तेल घालून दाबलेली वाळू असे. तिला ‘ब्राऊन’ म्हणत. चेंडू घरंगळत गेला की वाळूवर त्याची रेघ उमटायची. खेळून झाले की लाकडी दांडीला बांधलेले गोणपाट ओढून ती रेघ पुसायची, म्हणजे मागून येणाऱ्याला कोरी वाळू मिळे. ज्यांना या खेळाची काहीच माहिती नाही त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की कमीत कमी फटक्यांत चेंडू भोकात घालायचा असतो, आणि नऊ होलचे सगळे फटके मिळून जो आकडा येतो, तो जितका लहान तितका खेळाडू मोठा.

मी उत्पादन विभागात होतो. ऐंशी सालच्या सुमारास ज्या हुद्द्यावर पोचलो, त्या हुद्द्याच्या माणसांना मैदानावर जाण्याची मुभा होती. खरे तर मुभेपेक्षा ती अपेक्षाच अधिक होती, आणि मी त्या अपेक्षेपोटी जाऊ लागलो. पत्नी आली ती अगदी निराळ्या कारणाने. त्याच वर्षी आमची एकुलती मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेली, आणि मुलुंड पूर्वेच्या आमच्या ब्लॉकमध्ये एकाएकी असे ध्यानात आले की गेली कित्येक वर्षे आम्ही दोघे एकमेकांशी मुलीमार्फत बोलत होतो. ‘बाबांना विचार, पानं घेऊ का.’ ‘आईला सांग, आज उशीर होईल.’ आता मधले माणूस उठून गेले होते. जेवताना फक्त भांड्यांचा आवाज होई, आणि तो दोघांनाही ऐकू येई.

एका रविवारी सकाळी मी गोल्फची पिशवी खांद्याला लावून निघालो, तर ती चपला घालून दारात उभी.

‘कुठे निघालीस?’

‘तुमच्याबरोबर. एकटी बसून काय करू? भिंती किती वेळ बघायच्या माणसाने?’

‘अगं, तिथे बसायला धड जागासुद्धा नाही.’

‘मग उभी राहीन.’

दोन रविवार ती खरोखरच उभी राहिली. तिसऱ्या रविवारी पहिल्या होलवर माझा चेंडू जमिनीलगत सरपटत जाऊन बाभळीखाली थांबला, तेव्हा ती म्हणाली, ‘मी एक मारून बघू?’ मी हसून हो म्हटले. तिचे बालपण घाटकोपरच्या चाळीत, गिरणीत काम करणाऱ्या बापाच्या घरी, तीन भावांच्या बरोबरीने विटीदांडू खेळण्यात गेले होते, हे मला ऐकून ठाऊक होते. पण त्या माहितीचा मी कधी काही उपयोग केला नव्हता. तिने पदर कमरेला खोचला, पिशवीतली सगळ्यांत लांब, लाकडी डोक्याची काठी उपसली, आणि फारसे उभे वगैरे न राहता मारली. फटक्याचा असा आवाज माझ्या काठीतून तोवर कधी निघाला नव्हता. चेंडू बाभळीच्या वरून गेला. ती कपाळावर हात धरून त्याच्याकडे बघत राहिली आणि तो खाली आल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, ‘अहो, हे तर सोपं आहे!’

मला त्या वेळी आनंद झाला होता. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे माझ्याविषयी चांगले लिहिण्याजोगे फारसे येणार नाही.

त्यानंतर दर रविवारी आम्ही दोघे जाऊ लागलो. तिने पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले. स्टेशनचा पूल ओलांडून आग्रा रोडपर्यंत चालत जायचे आणि तिथून रिक्षा. दोघांत एकच पिशवी. पुलावरची भाजीवाली एकदा म्हणाली, ‘काय वहिनी, हॉकी का?’ ही तिला म्हणाली, ‘नाही गं, विटीदांडूच. फक्त महागातला.’ लांब काठीला ती शेवटपर्यंत दांडूच म्हणत आली. लोखंडी काठ्यांना नंबर असतात, जितका मोठा नंबर तितका चेंडू जवळ पडतो; ते तिने पाठ केले. पण दांडू हातात आला की तिचा चेहरा निराळा होई.

एका होलकडून दुसऱ्या होलकडे चालताना ती बोले. वडील गिरणीतून घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयांत कापूस अडकलेला असे, आणि ती बोटांनी तो काढी, हे मला लग्नाला पंचवीस वर्षे होत आल्यावर त्या मैदानावर कळले. लग्नानंतरचे पहिले वर्षभर तिला माझी भीती वाटत असे, हेही तिथेच कळले. ती ते हसत सांगत होती. मी विचारले, ‘भीती? मी कधी आवाजसुद्धा चढवला नाही.’ ती म्हणाली, ‘म्हणूनच तर.’ त्या दोन-अडीच तासांखेरीज आठवडाभरात आम्ही असे बोलत नव्हतो. त्या सकाळी गेल्या तर आमच्याजवळ काही उरणार नाही, हे मला तेव्हाही समजत होते. न समजता हातून गेले असते तर निदान तेवढे तरी म्हणता आले असते.

थंडीच्या दिवसांत अधिकाऱ्यांची नवरा-बायकोंची स्पर्धा असे. जोडीला चेंडू एकच. एक फटका त्याने मारायचा, पुढचा तिने. एकाने चेंडू झुडपात घातला तर तो तिथून दुसऱ्याने काढायचा. लग्नाचे याहून नेमके रूप मैदानावर मांडणे कठीण, असे आमचे जनरल मॅनेजर दरवर्षी भाषणात सांगत आणि दरवर्षी लोक हसत.

मैदानावरचा पाचवा होल क्लबघराच्या समोरच होता. त्याच्या मधोमध डोंगरातून येणारा एक ओढा आडवा गेला होता. पावसाळा सोडला तर त्यात पाणी नसे. पण दगड होते, आणि दोन्ही काठांना घाणेरीची दाट झुडपे. पहिलाच फटका दांडूने नीट बसला तर चेंडू ओढ्यापलीकडे पडे आणि होल अगदी सोपा होऊन जाई. नीट बसला नाही तर चेंडू गेला, वर दंडाचा फटका. दुसरा मार्ग असा की छोट्या काठीने चेंडू ओढ्याच्या अलीकडे ठेवायचा आणि तिथून पुढच्या फटक्याला पलीकडे टाकायचा. त्यात एक फटका जास्त जाई. पण धोका नसे.

पहिल्या वर्षी त्या होलचा पहिला फटका तिच्याकडे आला. तिने मला काही विचारले नाही. दांडू घेतला, मारला, आणि चेंडू ओढ्यावरून असा गेला की क्लबघराच्या पायऱ्यांवर बसलेली मंडळी उठून उभी राहिली. त्या दिवशी आम्ही शेवटचे आलो. कारण पुढे सातव्या होलवर मी चेंडू झुडपात घातला, रागाच्या भरात आणखी वाईट मारला, आणि त्याच झुडपाभोवती आमचे सगळे फटके खर्ची पडले. बक्षीस समारंभात बटाटेवडा खाताना ती म्हणाली, ‘शेवटचे आलो तर आलो. पण ओढा बघितलात ना?’ तेवढ्यात जनरल मॅनेजर आमच्याजवळ येऊन म्हणाले, ‘काय राव! वहिनी एकट्या खेळल्या असत्या तर कप त्यांचाच होता की!’ सगळे हसले. तीही हसली. मीही हसलो. पण ते वाक्य माझ्या अंगात घुसून बसले.

मी विचारपूर्वक सुधारायचे ठरवले. त्या विचारात तेव्हा मला खोट दिसत नव्हती, आणि खेळापुरते बोलायचे तर आजही दिसत नाही. कारखान्यात माझे काम होते माल नापास होण्याचे प्रमाण खाली आणणे. उत्तम नग तयार करून कारखाना चालत नाही. वाईट नग कमी करून चालतो. गोल्फचेही तेच आहे, हे मला उमगले. आकडा फुगतो तो अंगावर येणाऱ्या दोन-चार वेड्या फटक्यांनी. ते टाळले की झाले. मी प्रत्येक होल उलट्या बाजूने पाहू लागलो: शेवटचा फटका कुठून सोपा जाईल, त्यासाठी आधीचा चेंडू कुठे असायला हवा, आणि तो तिथे जाण्यासाठी पहिला कुठे पडायला हवा. मैदानाची रुंद बाजू कुठली, कुठे चुकलेले परवडते आणि कुठे परवडत नाही. चेंडू झुडपात गेला तर एका फटक्यात सगळे भरून काढायला जायचे नाही; बाजूला, मोकळ्या जागेत काढून ठेवायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागचा फटका विसरायचा. एक लांब श्वास घ्यायचा, खांदे सैल सोडायचे, आणि जणू दिवसाचा पहिलाच चेंडू आहे असे उभे राहायचे.

हे सारे मी तिला समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘एकोणिसशे एकोणसाठ साली माझ्या मोठ्या भावाने लग्नात मानपानावरून काय म्हटलं ते तुम्हाला शब्द न् शब्द आठवतं. आणि फटका विसरता येतो होय?’

मी हसलो नाही. मी तिला श्वास कसा घ्यायचा ते दाखवले.

दोन वर्षांत माझा आकडा उतरत गेला. माझ्या वयाचे आणि माझ्याहून ताकदीचे लोक मागे पडू लागले. ते जोराने मारत आणि मी बेताने. शेवटी बेरीज माझी कमी भरे. ही गोष्ट मनाला फार गोड वाटते. तिच्यातले विष उशिरा कळते. माझ्याजवळ खेळाची किल्ली आहे असे मला वाटू लागले, आणि ज्याच्याजवळ किल्ली असते त्याला ती दुसऱ्याच्या कुलपाला लावून बघितल्यावाचून राहवत नाही.

मी तिला ओरडलो नाही. आवाज चढवण्याची सवय मला नव्हतीच. हळू, शांतपणे, तिच्या मागे दोन पावलांवर उभा राहून मी सांगत असे. ‘अगं, तिकडे नको. डावीकडे जागा आहे.’ ‘पाच नंबर फार होईल. सहा घे.’ ‘भोकाकडे बघू नकोस, ब्राऊनच्या मधल्या भागाकडे बघ.’ सुरुवातीला ती भांडे.

‘अहो, पण सरळ जाईल ना!’

‘जाईल. पण दर वेळी जाणार नाही.’

‘दर वेळचं कोण बोलतंय? मी आत्ताचं बोलते आहे.’

‘आत्ताचा फटकासुद्धा दर वेळचाच असतो.’

या वाक्यावर मी तेव्हा मनातून खूश झालो होतो.

हळूहळू ती भांडायची थांबली. मग चेष्टेने विचारू लागली, ‘बोला मालक, काय मारू?’ मी सांगे. काही महिन्यांनी त्यातला ‘मालक’ गळून पडला आणि चेष्टाही गेली. प्रत्येक फटक्याआधी ती पिशवीजवळ येऊन नुसते विचारी, ‘काय मारू?’ मी नंबर सांगितला की ती काठी घेई, मी सांगितलेल्या दिशेला मी सांगितलेल्या अंतरावर चेंडू ठेवी आणि काठी परत आणून देई. मला ती तिची प्रगती वाटली. मित्रांना मी तसे सांगितलेसुद्धा: आमच्या घरी आता विचार करून खेळतात.

एक गोष्ट मात्र ती माझ्या सांगण्यावरून करत नसे. ब्राऊनवर चेंडू भोकात गेला की ती वाळूवरची रेघ बघत उभी राही. कुठे वळला, कुठे मंदावला, कुठे अखेरचा कलला, हे सगळे त्या रेघेत दिसे. मी गोणपाट घेऊन पुढे झालो की म्हणे, ‘थांबा हो, लगेच पुसू नका. जरा बघू तरी द्या.’ मागे दुसरी जोडी उभी असे. नसली तरी मला पुढचा होल दिसत असे. मी म्हणे, ‘झालं ते झालं. त्यात काय बघायचं?’ आणि पुसून टाकी. पुढे पुढे तीच गोणपाट उचलून पुसू लागली, मी सांगायच्या आत. चालताना आमचे बोलणे कधी थांबले, ते मात्र मला सांगता येणार नाही. शेवटच्या वर्षी आम्ही दोन होलमधले अंतर पुढच्या होलविषयी माझे सांगणे ऐकत चाललो, एवढे खरे.

शहाऐंशीच्या अखेरीस जी स्पर्धा झाली, तीत नऊ होल संपले तेव्हा आमची आणि जनरल मॅनेजरांच्या जोडीची बरोबरी झाली होती. बरोबरी झाली की पाचवा होल पुन्हा खेळायचा असा तिथला रिवाज होता, कारण तो क्लबघरातून सगळ्यांना दिसे. माणसे चहाचे कप घेऊन पायऱ्यांवर येऊन बसली. पहिला फटका दोन्हींकडे बायकांचा होता. जनरल मॅनेजरांच्या पत्नीला आधी मारायचे होते. ‘मारते बघा, होऊ दे काय व्हायचंय ते!’ असे म्हणून त्यांनी लांब काठी फिरवली आणि चेंडू ओढ्यातल्या दगडांवर आपटून घाणेरीत नाहीसा झाला. त्यांनी कपाळावर हात मारला. ‘वाट लागली!’ असे पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडले. त्या स्वतःच सर्वांत आधी हसल्या.

आता आम्हाला फार काही करायचे नव्हते. चेंडू ओढ्याच्या अलीकडे ठेवला असता तरी कप आमचाच होता.

ती पिशवीजवळ आली. तिने ‘काय मारू?’ असे विचारले नाही. तिचा हात दांडूवर होता. माझ्याकडे बघून, पायऱ्यांवरच्या लोकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती म्हणाली, ‘अहो, आज मारू द्या ना. आता तर हरायची भीतीसुद्धा नाही. त्यांचा गेलाय ओढ्यात. आपला गेला तरी बरोबरीच राहील.’

तिचा चेहरा पहिल्या वर्षीचा होता. मी तो ओळखला. न ओळखल्याचे समाधानही मला नाही.

मी म्हणालो, ‘आता तर मुळीच नको. सात नंबर.’

मग दांडू तिने पिशवीत परत ठेवला, सात नंबर काढली, आणि चेंडू ओढ्याच्या अलीकडे, मी नेहमी दाखवत असे त्याच जागी, अचूक नेऊन ठेवला. तसा फटका मारणे सोपे नसते. मी पलीकडे टाकला, तिने ब्राऊनवर आणला, मी भोकाजवळ नेला, तिने आत घातला. आम्ही जिंकलो. टाळ्या वाजल्या. जनरल मॅनेजरांनी कप देताना माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाले, ‘डोकं यांचं आणि हात वहिनींचे! याला म्हणतात जोडी!’ सगळे हसले. तीही हसली. या वेळचे तिचे हसणे पहिल्या वर्षीचे नव्हते, हे मी पाहिले. पण माझ्या हातात कप होता.

परतीच्या रिक्षात तो कप तिच्या मांडीवर होता. भांडुपच्या बाजूने ट्रकांची रांग लागली होती, म्हणून रिक्षा बराच वेळ एका जागी उभी राहिली.

‘बोल ना काहीतरी,’ मी म्हणालो.

‘काय बोलू?’

‘काय मारू’ विचारी त्याच सुरात तिने ते विचारले. मग तीच म्हणाली, ‘आज एक फटका मागितला होता तुमच्याकडे. एकच.’

‘अगं, पण आपण जिंकलो.’

‘तुम्ही जिंकलात. मी सात नंबर मारला.’

ट्रक हलले. रिक्षावाल्याने हॅन्डल ओढून रिक्षा सुरू केली, आणि त्या आवाजात मला उत्तर न देण्याची सोय झाली.

पुढच्या रविवारी मी पिशवी घेऊन दारात उभा राहिलो. ती बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढे बसली होती. रविवारी सकाळच्या मालिका तेव्हा नुकत्याच रंगात येऊ लागल्या होत्या. पुढे पुढे त्या वेळी रस्ते ओस पडत. ‘तुम्ही या जाऊन,’ ती म्हणाली. ‘सगळे बघतात, मीही बघते.’ आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही करावे लागले असते.

आणि इथे मी जे केले ते त्या सात नंबरहून वाईट होते. घरातही मी माझे डावपेच चालवले. जबरदस्ती नको, असे स्वतःला सांगितले. एका फटक्यात सगळे भरून काढायला जाऊ नये. चेंडू मोकळ्या जागेत काढून ठेवावा, वेळ द्यावा. मागचा फटका विसरावा. मी एक लांब श्वास घेतला आणि ‘बरं’ म्हणून निघालो. त्या दिवशी तिच्यासमोर बसून ‘माझं चुकलं, तू मारायला हवं होतंस’ एवढे म्हणणे हा ओढा पार करण्याचा फटका होता. तो मी त्या दिवशी मारला नाही, पुढच्या रविवारी मारला नाही, आणि मग तो मारायची जागाच राहिली नाही. सुज्ञपणा म्हणून जे मी मिरवत होतो, त्याच्या बुडाशी भित्रेपणा किती आणि विचार किती, याची वजाबाकी मला अजून जमलेली नाही.

एक मालिका संपली, दुसरी सुरू झाली. काही रविवारी ती घाटकोपरला भावाकडे जाई. कप आमच्या शोकेसमध्ये राहिला; तिने त्यात सेफ्टी पिना आणि सुटी बटणे ठेवली. घरात आम्ही बोलतो; मधे मुलगी लागत नाही. पाणी आले का, वीज बिल भरले का, बडोद्याहून फोन आला का. दोघांचेही आवाज शांत असतात.

रविवारी सकाळी मैदानावर कुणी नसे. सगळे घरोघर टीव्हीपुढे. मी एकटा खेळे, आणि मागे कुणी उभे नसल्यामुळे असेल, फार चांगले खेळे. त्याच रिकाम्या मैदानावर एका सकाळी माझ्या आयुष्यातला सर्वांत कमी आकडा झाला. शेवटचा चेंडू भोकात गेला तेव्हा वाळूवर एक लांब, वळत गेलेली रेघ उमटली होती. ती दाखवायला कोणी नव्हते. मी बराच वेळ ती बघत राहिलो आणि मग पुसली. घरी आल्यावर तिने विचारले, ‘किती झाले?’ मी आकडा सांगितला. ‘छान,’ ती म्हणाली, आणि कुकरखालचा गॅस बारीक केला.

या हिवाळ्यात कंपनीने कळवले की मैदानाच्या जागी कामगारांची घरे होणार. महिनाअखेरीस मैदान बंद. घरे व्हायलाच हवीत, त्याविषयी माझी तक्रार नाही. त्या रविवारी मी पाचव्या होलवर उभा राहिलो आणि कित्येक वर्षांनी दांडू बाहेर काढला. पहिला चेंडू दगडांत गेला. मी दुसरा ठेवला. तो घाणेरीत गेला. तिसरा कुठे गेला तेही दिसले नाही. पिशवीत आणखी चेंडू होते, पण मी दांडू परत ठेवला.

घरी आलो तेव्हा ती जमिनीवर वर्तमानपत्र पसरून कोथिंबीर निवडत होती. मी समोर खुर्चीवर बसलो.

‘आज ओढा पार करायला गेलो होतो.’

तिचे हात थांबले. ‘दांडूने?’

‘हो.’

‘मग?’

‘तिन्ही चेंडू ओढ्यात.’

ती पुन्हा निवडू लागली. ‘तुम्ही चेंडूकडे बघतच नाही,’ ती म्हणाली. ‘तो कुठे पडणार तिकडेच बघता. कसा बसेल मग?’

किती तरी दिवसांत ती खेळाविषयी एवढे बोलली नव्हती. मला धीर आला. मी म्हणालो, ‘त्या दिवशी तू मारायला हवं होतंस. माझं चुकलं.’ ती कोथिंबीर निवडत राहिली. मी पुढे म्हणालो, ‘पुढचा रविवार तिथला शेवटचा. येशील? दांडूच घे. मी काही सांगणार नाही. एक शब्दही बोलणार नाही.’

तिने विचार केला. मला तो करताना दिसला. हातातली काडी तिने पेपरावर ठेवली.

‘नको,’ ती म्हणाली. ‘तुम्ही बोलला नाहीत तरी मला ऐकू येईल.’

मग तिने पेपर चारी बाजूंनी उचलला, काड्या सांडू न देता, आणि ती आत गेली.

शेवटच्या रविवारी मीही गेलो नाही. आम्ही दोघे टीव्हीपुढे बसलो. मधे जाहिराती लागल्या तेव्हा तिने विचारले, चहा घेणार का, आणि मी हो म्हणालो.